शेतात मेंढ्या बसवून घेणं : सेवा कशी आहे, कुठे फसते

शेतात मेंढ्या बसवून घेणं म्हणजे खतासाठी मेंढपाळाचा कळप रात्री आपल्या रानात कोंडून घेणं. लेंडीखताची ट्रॉली घेणं आणि मेंढ्या बसवून घेणं, यात खत तेच आणि फक्त पोहोचवण्याची रीत वेगळी, असं धरून बहुतेक जण सौदा करतात. तिथेच हिशेब चुकतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास आणि पालाशाचा तर मोठा वाटा मूत्रातून जातो. स्फुरद तेवढं लेंडीत राहतं. ट्रॉलीतून येतं ते मूत्र वजा झालेलं खत. मेंढ्या रानात बसल्या तर मूत्र थेट मातीत मुरतं. म्हणजे या सेवेत पैसे मोजायचे ते लेंड्यांचे नव्हेत, रात्रीचे. हे डोक्यात ठेवलं की दर कसा ठरवायचा, वाघर (कळप कोंडायची जाळी) कुठे लावायची, वखर कधी घालायचा, सगळं आपोआप सुचत जातं.

ही सेवा देणारे बहुतेक धनगर मेंढपाळ. फलटण, माण, खटाव, जत, पारनेर अशा कमी पावसाच्या भागातले त्यांचे वाडे (कुटुंब आणि कळपासह फिरणारे तांडे) पावसाळा घराकडे काढतात आणि दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरच्या बागायती पट्ट्यात फिरतात. देशावर बसवून घ्यायचा खरा हंगाम म्हणजे रब्बीची काढणी झाल्यापासून मृगापर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानं मोकळी होतात, वाडे जवळ असतात आणि पुढच्या पिकाला अजून अवधी असतो. मे अखेरीस मेंढपाळाला परतीची घाई असते. त्या वेळी ठरवलेल्या रात्री पूर्ण होतीलच याची खात्री धरू नये.

आता आकडे. बसलेल्या मेंढीला साधारण एक चौरस मीटर जागा लागते. एक गुंठा म्हणजे जवळपास 101 चौरस मीटर. तेव्हा 500 मोठ्या मेंढ्यांचा कळप एका रात्रीत पाच गुंठे धरतो आणि एकर पुरा व्हायला आठ रात्री लागतात. एका मेंढीची रात्रभराची लेंडी वाळल्यावर ढोबळमानाने 200 ग्रॅम भरते. म्हणजे 500 मेंढ्यांची रात्रीची 100 किलो, आठ रात्रींची 800 किलो. शेळ्या-मेंढ्यांच्या खतात नत्र 3, स्फुरद 1 आणि पालाश 2 टक्के धरतात. साध्या शेणखतात हेच प्रमाण अनुक्रमे 0.5, 0.2 आणि 0.5 असतं. या हिशेबाने एकरी 24 किलो नत्र, 8 किलो स्फुरद, 16 किलो पालाश पडतं. दुकानातल्या भाषेत सांगायचं तर युरियाची एक गोणी आणि वर थोडा, सुपर फॉस्फेटची एक गोणी आणि पोटॅशची अर्ध्याहून थोडी जास्त. मूत्राचा वाटा त्यावर. अर्थात हे सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही. लेंडीतलं नत्र दोन-तीन हंगामांत सुटत जातं, म्हणून रासायनिक खताची मात्रा कमी करावी, एकदम बंद करू नये.

हा हिशेब खरा ठरतो का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. सकाळी वाघर उचलल्यावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट तीन-चार ठिकाणी आखा, आतल्या लेंड्या गोळा करा आणि ओल्याच वजन करा. सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास आली तर माल चोख. पाव किलोच्या खाली आली तर कळप सांगितला त्याहून लहान आहे, वाघर गरजेपेक्षा मोठी लावली आहे किंवा मेंढ्या दिवसभर उपाशी फिरल्या आहेत. उन्हाळ्यात तिसरं कारण सर्रास असतं आणि त्यात मेंढपाळाचा काही दोष नसतो. माळावर गवत नाही तर लेंडी येणार कुठून? म्हणून कळप दिवसा कुठे चरतो हे विचारणं हा सौद्याचाच भाग आहे. काढणी झालेला मका, कोबी-फ्लॉवरचा पाला किंवा कांद्याची पात मिळालेला कळप रात्री भरभरून देतो.

मोजणी करताना कोकरं धरू नयेत. बोली नेहमी ‘शेकड्याला, एका रात्रीचं’ अशी असावी आणि शेकडा मोठ्या मेंढ्यांचा. काही ठिकाणी अजून धान्यावर ठरतं, काही ठिकाणी एकराचा गुत्ता (ठोक सौदा) होतो. गुत्त्यात एक खोट आहे: किती रात्री आणि किती मेंढ्या हे मोघम राहतं आणि शेवटच्या चार-सहा गुंठ्यांवर वाघर पोहोचतच नाही. बागायती भागात उलटा व्यवहारही चालतो. रानात हिरवा पाला भरपूर असेल तर मेंढपाळच चराईचे पैसे देतो आणि रात्र फुकट बसवतो. शेतात चारा असताना खताचेही पैसे देणारा शेतकरी दोन्हीकडून नाडला जातो. चारा दाखवून मगच दर बोलावा.

सगळ्यांत जास्त तक्रारी वाघरीवरून होतात. वाघर म्हणजे खुंट्यांना बांधलेली जाळी, तिच्या आत कळप रात्रभर कोंडतात. ती रोज सरकायला हवी. तीन-चार रात्री एकाच जागी राहिली तर तिथे पीक माजतं, लोळतं आणि बाकीचं रान कोरडं राहतं. पुढच्या पिकाकडे बांधावरून पाहिलं की वाघरीचे चौकोन हिरव्या रंगात उठून दिसतात, ते याचमुळे. सरकवताना नव्या जागेची कड जुन्या जागेला चिकटून असावी, मध्ये पट्टा सोडू नये. उतार असेल तर वरच्या अंगाने सुरुवात करावी, म्हणजे वळवाचा पाऊस आला तरी धुपून जाणारं खत शेतातच राहतं. विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब राहावं. मूत्रातलं नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात उतरतं आणि ते पाणी घरात प्यायलं जातं.

जाणता मेंढका रात्री एक-दोनदा कळप उठवतो. मेंढी उठली की लेंडी टाकते, मुतते आणि थोडी सरकून पुन्हा बसते. त्यामुळे खत एका कोपऱ्यात साचत नाही. हे तो आपणहून करत असेल तर दरात घासाघीस करू नका. अशी माणसं कमी राहिली आहेत.

वाघर उचलली की पुढचं काम शेतकऱ्याचं, आणि सेवा वाया जाते ती बहुतेक इथेच. मूत्रातल्या युरियाचा गरम, कोरड्या जमिनीत एक-दोन दिवसांत अमोनिया होतो आणि तो हवेत उडतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास किंवा वर, त्यामुळे तिथे तर हे नुकसान आणखी जास्त. सकाळी वाघर उठली की दुपारच्या आत वखराची पाळी घालून तीन-चार इंचांपर्यंत खत मातीत मिसळलं पाहिजे. नांगरून खोल गाडायचं नाही, खोल गेलेली लेंडी सावकाश कुजते. अडचण अशी की पाच गुंठ्यांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर येत नाही. मग आठवडाभर थांबून सगळं एकदम वखरलं जातं आणि ज्याचे पैसे मोजले त्यातला मोठा भाग तोवर उडून गेलेला असतो. बैलजोडी किंवा पॉवर वीडर जवळ नसेल तर ही सेवा निम्म्याच किमतीची आहे, असं धरून चला.

जमीन कोणत्या अवस्थेत असावी? धसकटं असलेलं, न नांगरलेलं रान सगळ्यांत चांगलं, कारण मेंढ्या तण आणि पालाही खातात. खोल नांगरून ढेकळं निघालेल्या रानात मेंढ्या नीट बसत नाहीत आणि कोकरांचे पाय मुरगळतात. फार कडक झालेल्या जमिनीवर आधी वखराची एक हलकी पाळी द्यावी, म्हणजे मूत्र वाहून न जाता मुरतं. ओल्या काळ्या रानात मात्र अजिबात बसवू नये. 500 मेंढ्यांचे 2,000 खूर रात्रभर त्याच पाच गुंठ्यांत फिरतात, माती दाबली जाते आणि ती पुढे नांगराला ऐकत नाही. वाफसा उलटून वरचा थर कोरडा झाल्यावरच वाघर लावावी. चिखलात मेंढ्यांचे खूरही सडतात, त्यामुळे शहाणा मेंढपाळ स्वतःच नको म्हणतो.

पुढचं पीक कोणतं, यावर फायदा ठरतो. ऊस, बाजरी, मका, भाजीपाला, हळद या पिकांना मेंढ्या मानवतात. हरभरा, सोयाबीन, भुईमुगाच्या आधी बसवून घेऊ नये. ही पिकं स्वतःचं नत्र स्वतः मिळवतात. वरून मिळालेलं नत्र पाल्यात जातं आणि घाटे, शेंगा कमी लागतात. रांगड्या किंवा उन्हाळ कांद्यासाठी एकरी शिफारस साधारण 40 किलो नत्राची आहे. मेंढ्यांनी त्यातला चांगला वाटा आधीच दिलेला असताना युरियाचे दोन्ही हप्ते नेहमीसारखे टाकले तर कांदे जाड मानेचे होतात आणि चाळीत टिकत नाहीत. मग दोष लेंडीखताला लागतो.

कपाशीचं रान हा या सेवेचा वेगळाच फायदा. शेवटची वेचणी झाल्यावर झाडावर उरलेल्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी तग धरून असते. शेळ्या-मेंढ्या ती बोंडं आणि पाला खाऊन टाकतात. पऱ्हाट्या उपटण्याआधी कळप सोडावा, अशी शिफारस कृषी विभागही करत आला आहे. फक्त शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले, कोणतं औषध होतं, हे मेंढपाळाला आधी सांगणं बंधनकारक समजावं.

मेंढ्या दगावतात तेव्हा काय घडलेलं असतं

इथे शेतकऱ्याची जबाबदारी सुरू होते आणि बहुतेकांना तिची कल्पनाच नसते. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची औषधं सतत फवारली जातात. पाळीव जनावरांत तांब्याला सर्वांत नाजूक मेंढी. ते यकृतात साठत जातं आणि काही आठवड्यांनी एकदम उलटतं: लघवी लालसर-काळी, डोळे पिवळे आणि एक-दोन दिवसांत जनावर खलास. त्यामुळे अशा बागेतल्या गवतावर कळप सोडायला सांगणं म्हणजे त्या माणसाचं भांडवल धोक्यात घालणं.

ज्वारी कापून पाणी दिलेल्या किंवा पाऊस पडलेल्या रानात कोवळे फुटवे येतात. त्यात सायनाइड असतं आणि जनावराला किराळ लागतो, म्हणजे विषबाधा होते. मेंढी धापा टाकते, लडखडते आणि अर्ध्या-एक तासात जाऊ शकते. पशुवैद्य वेळेत पोहोचला आणि त्याने सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं तर वाचते, पण वाटेवरच्या कळपाला तेवढा वेळ मिळणं कठीण. खळ्यावर सांडलेला गहू-मका हेही एक संकट आहे. कळप त्यावर तुटून पडतो, पोटात आम्ल होतं आणि दुसऱ्या दिवशी पाच-सात मेंढ्या आडव्या. युरियाची फाटकी गोणी किंवा खत विरघळवलेली बादली बांधावर राहिली तरी तेच, फक्त आणखी लवकर. वाघर येण्याच्या आदल्या दिवशी शेतातून एक चक्कर मारून हे सगळं उचलावं. ठिबकच्या नळ्याही गुंडाळाव्यात. खुरांनी त्या दबतात आणि नंतर गळती शोधत बसावं लागतं.

पाणी कोण देणार हे बोलून ठेवा. उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला चार-पाच लिटर लागतं, म्हणजे 500 मेंढ्यांना दोन-अडीच हजार लिटर. विहीर आटलेली असताना हे ‘बघू’ म्हणून सोडायचं प्रकरण नाही. ज्या शेतावर हौद भरलेला असतो तिथे वाडे पुढच्या वर्षी न बोलावता येतात.

रोगांची भीती दोन्ही बाजूंना असावी. लाळ्या-खुरकूत मेंढीकडून गाईला आणि गाईकडून मेंढीला जातो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवी गावातल्या शेळ्यांत पसरतात. कळपाला लस कधी टोचली हे विचारावं, घरच्या शेळ्या-करडं आठवडाभर लांब बांधावीत, गव्हाण आणि पाण्याचं भांडं एक करू नये. गाभडलेल्या मेंढीचा वार उघड्या हातांनी उचलू नये, ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

तणाच्या बाबतीत एकच ठळक तक्रार खरी आहे: वेडी बाभूळ. तिच्या गोड शेंगा जनावरं आवडीने खातात, काही बिया न पचता लेंडीतून शेतात येतात आणि पाऊस पडला की उगवतात. कळप आदल्या आठवड्यात वेड्या बाभळीच्या पट्ट्यात चरत असेल तर जुलैत एक खुरपणी जादा धरावी. रोपं हातभर व्हायच्या आत उपटली तर निघतात, नंतर कुदळ लागते. हुमणीची (पिकांची मुळं खाणाऱ्या अळीची) भीती मात्र बरीचशी वखरल्याने जाते. पहिल्या वळवानंतर भुंगेरे निघतात आणि अंडी घालायला त्यांना न कुजलेल्या खताचे ढीग आवडतात. पातळ थरात मिसळून वाळलेली लेंडी त्यांच्या कामाची नसते.

लांडगा आणि बिबट्या

मेंढ्या आल्या की त्यांच्या मागावर लांडगा येतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर लांडगा पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांच्या आसपास जगत आला आहे आणि मेंढपाळ त्याला धरूनच चालतो: कुत्री, गळ्यात काटेरी पट्टे, रात्रीची जाग. शेतकऱ्याने एवढंच करायचं की मेलेल्या जनावरावर विष टाकू द्यायचं नाही. लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विषाने आधी गावची कुत्रीच मरतात. नुकसानभरपाईसाठी मेंढी जागेवरून न हलवता वनरक्षकाला कळवावं, पंचनामा व्हावा. वाटेवरच्या माणसाला हे कागद जमवणं अवघड जातं. तिथे जागेच्या मालकाचा एक फोन कामाला येतो.

जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात गोष्ट जास्त गंभीर आहे. वाड्याबरोबर बायका आणि तान्ही मुलं उघड्यावर झोपतात आणि बिबट्या उसातच राहतो. उसाच्या कडेला वाघर लावायला सांगू नका, भले तो कोपरा खतावाचून राहो. रानाच्या मध्यावर जागा द्या, मोटारीच्या खोलीवरचा दिवा रात्रभर चालू ठेवा, मुलांना निजायला शेड किंवा पत्र्याची खोली उघडून द्या. याचे पैसे कापण्याचा विचारही कुणी करू नये.

कोकणात हिशेब बदलतो. भात कापल्यावर खाचरं रिकामी होतात आणि डिसेंबरपासून वाडे उतरलेले असतात, पण पाऊस 2,500 मिलिमीटरच्या वर आणि जमीन जांभ्याची. डिसेंबरात बसवलेल्या मेंढ्यांचं नत्र जुलैच्या लावणीपर्यंत पुरेसं टिकत नाही. एप्रिल-मे मधल्या रात्री घ्याव्यात आणि त्याही आधी रोपवाटिकेच्या तुकड्यावर. तिथे दाट बसवलं तर राब भाजायला (रोपांच्या जागेवर शेण-पाला जाळायला) लागणाऱ्या शेणाची बरीच बचत होते. आंबा-काजूच्या बागेत तीन वर्षांखालची कलमं असतील तर कळप आत घेऊ नये. वाड्याबरोबर दहा-वीस शेळ्या असतातच आणि त्या कोवळा शेंडा सोडत नाहीत.

मेंढीची जात विचारावी का? थोडी विचारावी. दख्खनी मेंढी काटक, चालून चालून पोट भरणारी. माडग्याळ किंवा तिचा संकर अंगाने थोराड, तिच्या कोकरांना बाजारात भाव जास्त. जनावर थोराड असेल तर शेकड्यामागे लेंडी जास्त पडते, पण जागाही जास्त लागते. तेव्हा पाच गुंठ्यांऐवजी सहा धरा.

ज्यांच्याकडे बागा आहेत, रानं तुकड्यातुकड्यांची आहेत किंवा जवळून वाडेच जात नाहीत, त्यांना ट्रॉलीशिवाय पर्याय नाही. तिथे फसवणूक होते ती मातीची: वाड्याची जागा खरवडताना लेंडीबरोबर माती, राख, खडे भरले जातात आणि भाव ट्रॉलीवर ठरतो. भरण्याआधी ढिगाच्या मधून आणि तळातून दोन-दोन मुठी घ्या, पाण्याच्या बादलीत सोडा आणि पाच मिनिटं थांबा. सुकी लेंडी बराच वेळ वर तरंगते, माती आणि खडे तळाला बसतात. बादलीचा तळ दिसेनासा होण्याइतकी माती बसली तर तेवढा भाव पाडून मागा, किंवा दुसरा ढीग बघा.